तिसऱ्या उंचवट्यावरचा धप्प

गाडीतून काहीतरी आवाज येतोय असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारतो, कसला आवाज? मग समोरचा माणूस तोंडाने काढून दाखवतो, खडखड, करकर, घूंऽऽ, टकटक, आणि ऐकणारे चार जण चार वेगवेगळी दुखणी सांगतात. खरी गाडी असो की रात्री मी खेळतो तो रेसिंग गेम, माझं मत असं झालंय की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी विचारायला हवं, कधी येतो? आवाज कसा आहे हे प्रत्येकाच्या कानाला वेगळं वाटतं, पण कधी येतो यात फारसा वाद होत नाही. वळताना येतो की सरळ जाताना, ब्रेक दाबला की येतो का सोडला की, सकाळी गाडी गार असताना येतो का दहा किलोमीटर झाल्यावर, एवढं नीट सांगता आलं तर अर्धी गाडी न उघडताच कळते.

आमच्याकडचे गॅरेजवाले काका हेच करतात. एकदा मी गेलो आणि म्हटलं, काका, पुढून आवाज येतोय. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, चालवताना. "अरे चालवताना म्हणजे कधी? क्लच दाबलास तर जातो का? स्पीड वाढला की वाढतो का गिअर बदलला की बदलतो? स्टिअरिंग फिरवताना काय होतं?" आणि हे सगळं विचारताना त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नव्हता, हातात चहाचा ग्लास होता. मग ते शेजारी बसले, मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास न्यूट्रल टाकायला लावलं, घूं घूं चालूच राहिली, म्हणजे इंजिनवरचा संशय गेला, आवाज चाकाकडचा. मग म्हणाले, आता हळूच डावीकडे घे, परत उजवीकडे घे. डावीकडे वळवली की गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं, आणि तेव्हाच घूं घूं वाढत होती, म्हणजे उजवं बेअरिंग. पाच मिनिटांत निकाल. जॅक लावून चाक हलवून बघितलं ते फक्त खात्रीसाठी.

ही पद्धत डोक्यात बसली की रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट तपासणीच्या कामाची होते. मोठा स्पीडब्रेकर सरळ घेतला, दोन्ही पुढची चाकं एकदम वर गेली आणि आवाज आला नाही, पण सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना किंवा एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खटखट झाली, तर बहुतेक वेळा स्टेबलायझरची लिंक रॉड असते. कारण साधं आहे. तो स्टेबलायझर म्हणजे अँटी-रोल बार, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी स्प्रिंगच्या लोखंडाची दांडी, दोन्ही चाकं सारखी वरखाली झाली तर ती नुसती आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबराच्या आधारात, फिरते, तिच्यावर ताण येतच नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की मग ती पिळली जाते आणि तेव्हा ढिली लिंक बोलते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून पार्किंगमधून निघताना कट्-कट्-कट् आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला इंजिनची ताकद पोचवणारा सांधा, खाली वाकून बघितलं तर रबराचं बूट फाटलेलं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. गाडी उभीच आहे, नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग टंग् करून उडाल्यासारखी वाटली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग. पावसाळी सकाळी सुरू करताच चीं करून दोन मिनिटांत गप्प होणारा आवाज म्हणजे बेल्ट. ब्रेक न दाबताच बारीक किंचाळी येते आणि ब्रेक दाबला की थांबते, तर पॅडमधली झिजेची सूचना देणारी पातळ पत्री डिस्कला लागायला लागली, पॅड संपत आलेत.

आता हे सगळं मी रेसिंग गेमच्या लेखात का लिहितोय, तर रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून मी ज्या गेममध्ये बसतो तिथे मला हीच सवय सगळ्यात जास्त कामाला येते. गेम म्हणजे असेट्टो कोर्सा. इटलीतल्या कुनोस सिमुलाझिओनी या स्टुडिओचा, त्यांचं ऑफिस रोमजवळच्या व्हॅलेलुंगा ट्रॅकला लागून, २०१४ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण रिलीज झाला. आता जुना म्हणायला हवा, पण अजूनही लोक खेळतात आणि मीही. यातली फिजिक्स सेकंदाला ३३३ वेळा हिशेब करते आणि टायरचा, रस्त्याचा, तळ घासल्याचा आवाज त्या हिशेबातूनच वाजतो. म्हणून इथे आवाज खोटं बोलत नाही. ऑडिओ सेटिंगमध्ये इंजिन, टायर, रस्ता, वारा यांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतात. इंजिन थोडं खाली आणि टायर वर, हे माझं कायमचं सेटिंग आहे आणि नवीन कुणी विचारलं तर मी सस्पेन्शनच्या आधी हे करायला सांगतो. गाणी लावून तर अजिबात चालवू नका. इंजिनचा आवाज छान असतो हे मान्य, पण तो फक्त आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, सांगतो, गाडी रस्त्याला कशी धरून आहे ते टायर सांगतात.

नवीन लोकांना एक आवाज हमखास घाबरवतो. रेस कारमध्ये बसलं की गिअरबॉक्समधून एक सतत ऊंऽऽऽ येत असते, आणि विचारणारे विचारतात की गाडी बिघडली का. काही बिघडलेलं नाही. रेसच्या गिअरचे दाते बहुतेक सरळ कापलेले असतात, म्हणून दात्यावर दाता एकदम आपटतो. रोजच्या गाडीत ते तिरके असतात, हळूहळू एकमेकांत शिरतात म्हणून शांत. हाच आवाज आपण रोज ऐकतो, अनेक मॅन्युअल गाड्यांचा रिव्हर्स गिअर सरळ दात्यांचा असतो, म्हणून तर रिव्हर्स घेताना गाडी वेगळीच रडते.

माझी आवडती गाडी बीएमडब्ल्यू एम३ ई३०, तीही ग्रुप ए, म्हणजे टूरिंग कार गटातली, रेसवाली. रस्त्यावरच्या साध्या ई३० मध्ये हा गेम सेटअपमध्ये फारसं काही बदलू देत नाही, टायरची हवा वगैरे, आणि ते बरोबरच आहे. रेसवालीत मात्र स्प्रिंग, डॅम्पर म्हणजे शॉकअप, अँटी-रोल बार, उंची, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, टो म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर, सगळं हातात येतं. आणि ट्रॅक न्यूरबर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे. जर्मनीतल्या आयफेल डोंगरात १९२७ मध्ये सुरू झालेला, एक फेरी २०.८ किलोमीटरची, सगळ्यात खालच्या आणि वरच्या जागेत जवळपास ३०० मीटरचा फरक. रेस ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टने याला ग्रीन हेल म्हटलं ते नाव कायमचं चिकटलं. गेमसाठी हा रस्ता लेझरने मोजून घेतलाय, म्हणून त्यावरचे उंचवटे खरे आहेत. सपाट ट्रॅकवर केलेला सेटअप इथे घेऊन आलात की गाडी दोन किलोमीटरमध्ये तक्रार करायला लागते. आपल्याकडे ताम्हिणी घाट ज्याने सलग चालवलाय त्याला हा ट्रॅक लवकर समजेल, कारण इथेही वळण आणि चढउतार एकाच वेळी येतात, एकेकटे येतच नाहीत.

या ट्रॅकवर फुक्सरोरे नावाचा भाग आहे. झाडीतून खाली जाणारा उतार, रस्ता किंचित डावीकडे उजवीकडे डुलतो पण ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, वेग वाढतच जातो, आणि तळाला रस्ता एकदम वर उचलला जातो. तिथे गाडी दाबली जाते, आणि दाबलेली असतानाच चढावर डावीकडे घ्यायची असते, पुढे आडेनाउअर फोर्स्टची अवघड वळणं. माझ्या ई३० मधून त्याच सुमारास धप्प असा जड आवाज यायचा आणि त्याच क्षणी पुढची चाकं जणू हातातून निघून जायची, स्टिअरिंग फिरवलंय पण गाडी सरळच. आवाज कसला ते ओळखायला वेळ लागत नाही, सस्पेन्शन पूर्ण दाबून बंप स्टॉपवर बसलं. बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा रबराचा किंवा फोमचा गट्टू, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून असतो. सस्पेन्शन त्याच्यावर बसलं की त्या क्षणी तुमची मऊ स्प्रिंग एकदम दगडासारखी कडक होते. पुढच्या बाजूला असं झालं तर पुढच्या टायरवरचा भार झटक्यात चढतो, पकड सुटते आणि गाडी वळायचं नाकारते. मागच्या बाजूला झालं तर उलट, मागचा भाग सुटतो, आणि ई३० ला मागे सेमी ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाक धरणारे तिरके हात, आहेत, ज्यात चाक वर गेलं की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, त्यामुळे मागून झालेला धप्प जास्त भीतीचा.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, स्प्रिंग कडक कर. हिशेबही तसाच दिसतो. समजा एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन आहे आणि चाकाशी मोजलं तर स्प्रिंग ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे. नुसती उभी असताना ती साधारण ६१ मिलिमीटर दबलेली असते. दरीच्या तळाला वजन १.८ पट झालं तर आणखी ४९ मिलिमीटर दबणार. बंप स्टॉपपर्यंत ४० मिलिमीटरच जागा असेल तर आपटणार, प्रश्नच नाही. ५० ची स्प्रिंग टाकली तर तेच ४९ चे ३९ होतात, आणि सुटलो. पण ५० ची स्प्रिंग बाकीच्या वीस किलोमीटरवर पण असणार ना. ४० च्या स्प्रिंगवर ही गाडी सेकंदाला साधारण दोन वेळा हेलकावते, विंग, म्हणजे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारा पंख, नसलेल्या रेस कारला हे चांगलं मानतात, रोजच्या गाड्या एक ते दीडच्या आसपास असतात. आणखी कडक केली की लहान लहान उंचवट्यांवर टायर रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारत जातो, आणि या ट्रॅकवर लहान उंचवट्यांचीच रेलचेल आहे.

म्हणून मी परत तोच प्रश्न विचारला, कधी? सस्पेन्शन किती दबलं ते दाखवणारं छोटं अ‍ॅप स्क्रीनवर ठेवता येतं, आणि रिप्ले हळू करून बघता येतो, पण खरं सांगायचं तर ते कानालाच आधी कळलं. धप्प अगदी तळाला येत नव्हता. त्याच्या थोडा आधी यायचा, उतारावरच्या ओळीने आलेल्या हेलकाव्यांमध्ये, आणि त्यातही पहिल्या उंचवट्यावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर. पहिल्यावर नुसता मऊ हुंकार, दुसऱ्यावर जरा जड, तिसऱ्यावर धप्प. स्प्रिंग मऊ असती तर सगळ्यात मोठ्या उंचवट्यावर आपटायला हवं होतं, आणि तिसरा काही सगळ्यात मोठा नव्हता. म्हणजे गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर पूर्ण वर येतच नव्हती. दाबली जायची, अर्धी वर यायची तोवर पुढचा दणका. बैठका मारताना पूर्ण उभं न राहताच पुढची बैठक मारली तर प्रत्येक बैठक आधीपेक्षा खालून सुरू होते, तसं. हे काम रिबाउंडचं. डॅम्परला दोन बाजू असतात, बंप म्हणजे दबताना विरोध आणि रिबाउंड म्हणजे परत उघडताना विरोध. पुढचा रिबाउंड जास्त घट्ट होता, स्प्रिंगला परत उघडायला तो वेळच देत नव्हता. पुढचा रिबाउंड काही क्लिक, म्हणजे सेटिंगचे टप्पे, सैल केला, स्प्रिंगला हात लावला नाही, उंची किंचित वाढवली ती तळाच्या खऱ्या दाबासाठी. तिसऱ्या उंचवट्यावरचा धप्प गेला, आणि तळाला फक्त एक छोटा टोला राहिला, तोही गाडी सरळ असताना. त्या कोपऱ्यात पहिल्यांदा मला श्वास घ्यायला जागा मिळाली, इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी फेरी पूर्ण न करता तोच भाग परत परत चालवत बसलो.

अर्थात रिबाउंड सैल केला की त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. ॲक्सिलरेटर दिला की नाक पटकन वर उठतं आणि वळणातून निघताना पुढची पकड जरा लवकर कमी होते. याच ट्रॅकवरच्या फ्लुगप्लाट्झच्या उंचवट्यावरून गाडी पूर्वीपेक्षा जास्त तरंगते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर आधी ऐकायचं, घड्याळाकडे नंतर बघायचं. वेळ तर आपण जास्त जोर लावला म्हणूनही कमी होते.

वळणाच्या बाबतीतही तेच. गाडी वळत नाही, म्हणजे अंडरस्टीअर आहे, एवढ्यावर मी कुणालाच सेटअप सांगत नाही. वळणाच्या तोंडाशी, ब्रेक सोडता सोडता वळत नाही का? मग ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी, आणि डॅम्पर बघा. मध्यभागी, जिथे ना ब्रेक आहे ना ॲक्सिलरेटर आणि गाडी एका बाजूला टेकून स्थिर झालीये, तिथे? मग स्प्रिंग, अँटी-रोल बार, कॅम्बर, कारण त्या क्षणी डॅम्पर जवळपास गप्प असतो, तो फक्त हालचाल असताना बोलतो. बाहेर पडताना? मग डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, आणि मागची बाजू. टायरचा आवाजही या तीन ठिकाणी वेगळा असतो. पकडीच्या आतला टायर बारीक गुणगुणतो, पकडीच्या टोकाला आला की सूर चढतो आणि स्थिर राहतो, आणि टोकाच्या पुढे गेला की तो सूर फुटून नुसता रडका घासल्याचा आवाज होतो. मधला चढलेला सूर पूर्ण वळणभर टिकवणं, यासाठी मी हा गेम खेळतो. पुढचे टायर रडताहेत की मागचे, हे ओळखायला मला बराच काळ कान लावावा लागला, पण आता हेडफोनमध्ये ते कळतं. आणि आतलं मागचं चाक हवेत जाऊन नुसतं फिरायला लागलं तर टायरच्या आधी इंजिन सांगतं, आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा मागचा बार थोडा मऊ केला की ते चाक परत जमिनीवर येतं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, तर हा बार लगेच ऐकू येतो. एक चाक कर्बवर चढलं, बार कडक असेल तर दुसऱ्या बाजूचा टायरही तो दणका खातो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर लिंक रॉड जे सांगते तेच.

काही आवाज मात्र घालवायचे नसतात. कारुसेल नावाचं वळण आहे, जुना रेस ड्रायव्हर रुडॉल्फ काराचिओलाच्या नावाचं, आतल्या बाजूला काँक्रीटचा तिरका पट्टा. त्यात गाडी टाकली की काँक्रीटच्या सांध्यांवरून टक् टक् टक् एका लयीत येत राहतं. ती लय सारखी असेपर्यंत गाडी बरोबर जागी आहे. लय चुकली की तुम्ही पट्ट्यातून सरकताय.

मला या गेमकडून एक गोष्ट मिळत नाही आणि ती मनापासून हवी आहे, झिजणं. इथे बुश म्हातारे होत नाहीत, बेअरिंग कधीच घूं घूं करत नाही, लिंक रॉड ढिली पडत नाही. ती हौस भागवायची तर माय समर कार खेळा, फिनलंडचा गेम, १९९५ चा उन्हाळा, जुन्या डॅटसन १०० ए वरून घेतलेली गाडी एकेक बोल्ट लावून आपणच बांधायची. त्यात इंजिन चालू ठेवून, वरचं झाकण काढून, स्क्रू ड्रायव्हरने व्हॉल्व्हची टकटक कमी करत बसायला लागतं, आणि जो हे मन लावून करतो त्याचा खऱ्या गाडीच्या टॅपेट सेटिंगकडे बघायचा डोळा नक्की बदलतो. मला कुणीतरी या दोन्ही गोष्टी एका गेममध्ये द्याव्यात असं फार वाटतं, सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करणारा टायर आणि त्यामागे हळूहळू ढिला पडणारा बुश.

सध्या मी ई३० बाजूला ठेवून लोटस ४९ घेऊन याच ट्रॅकवर आहे. १९६७ ची फॉर्म्युला वन गाडी, मागे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, विंग नाही, सस्पेन्शन मऊ आणि टायर बारीक. या गाडीने १९६७ ची जर्मन ग्रां प्री इथेच खेळली होती, लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क पोल पोझिशनवर, म्हणजे सगळ्यात पुढे, होता आणि सस्पेन्शन गेल्यामुळे सुरुवातीच्याच फेऱ्यांमध्ये बाहेर पडला, त्याचा टीममेट ग्रॅहम हिलही त्याच कारणाने थांबला, आणि रेस ब्रॅबॅमच्या गाडीत डेनी हुल्मने जिंकली. फ्लान्झगार्टनच्या उडीनंतर ही गाडी आधी एका चाकावर उतरते आणि मग बाकीच्या तीन चाकांवर. दोन टोले ऐकू येतात, एक कोरडा आणि लगेच एक जड. पहिला डाव्या बाजूचा असावा असा माझा अंदाज आहे, उडीच्या आधी स्टिअरिंग सरळ होत नाहीये म्हणून. पुढचा बंप दोन क्लिक वाढवून आणि उडीची लाइन अर्धा मीटर उजवीकडे घेऊन आज रात्री बघतो, आधी लाइन, क्लिक नंतर.